टँकरात वाळू होती

मॅड मॅक्सच्या पाच पिक्चरमधला सगळ्यात भारी कुठला असं कुणी विचारलं की मला पटकन उत्तर देता येत नाही, कारण आधी आमचा टँकर आठवतो, मग आप्पा आठवतात आणि मग २००३ चा तो उन्हाळा आठवतो, ज्यात आमच्या घरी प्यायच्या पाण्याची बोंब होती आणि रात्रभर दारात दहा हजार लिटरची टाकी उभी असायची. रिकामी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. ठेका सरकारचा, गाडी ठेकेदाराची, स्टेअरिंग आप्पांच्या हातात. आम्ही तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या जतला राहायचो. तालुक्याचा पूर्व भाग, उमदी-संखच्या बाजूच्या वाड्यावस्त्या, तिकडं आप्पांच्या खेपा असायच्या. तिथली बरीचशी माणसं घरात कन्नड बोलतात, आप्पांनापण कन्नड चांगलं यायचं, त्यामुळं ठेकेदार त्यांनाच तिकडं पाठवायचा. सुट्टीत मी केबिनमधे बसून जायचे. गाडी टाटाची, जुनी, आणि तिला डॅशबोर्डच्या खाली डाव्या बाजूला एक चोरस्विच होता. तो दाबल्याशिवाय कितीही चावी फिरवा, गाडी चालू व्हायची नाही. तो कुठं आहे हे फक्त आप्पांना माहिती आणि मला. ठेकेदारालासुद्धा माहिती नव्हता. मी पंधरा वर्षांची होते आणि मला तेव्हा जगात त्याच्याइतकं मोठं गुपित दुसरं कुठलं वाटत नव्हतं.

त्या मे महिन्यात चुलतभावानं सीडी प्लेअर आणला भाड्यानं आणि स्टँडजवळच्या दुकानातनं तीन पिक्चरच्या सीड्या. दोन हिंदी आणि एक इंग्लिश. इंग्लिशच्या कव्हरवर टँकर होता म्हणून मीच तो घ्यायला लावला होता. तो मॅड मॅक्स २. १९८१ चा पिक्चर, जॉर्ज मिलरचा, ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल गावाजवळच्या माळावर शूट केलेला, हे सगळं मला पुढं कैक वर्षांनी कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की लाल माती आहे, झाड नाही, माणसं धुळीनं माखलेली आहेत आणि सगळे एका टँकरच्या मागं लागलेत. जतच्या माणसाला यातलं काहीच परकं नव्हतं. भाषेचीही अडचण आली नाही कारण मॅक्स त्यात बोलतच नाही फारसं, अख्ख्या पिक्चरभर मोजून थोडीशी वाक्यं, आणि आमच्या आप्पांसारखाच तो काय करतोय ते हातांकडं बघून कळतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जग मोडलंय, पेट्रोल सोन्याच्या मोलाचं झालंय, माळावर एक छोटी रिफायनरी आहे आणि तिच्याभोवती कुंपण घालून काही माणसं राहतात. बाहेर ह्युमंगस नावाच्या दांडग्याची टोळी वेढा घालून बसलेली. आतल्या लोकांना पेट्रोल घेऊन समुद्राच्या बाजूला निघून जायचंय. त्यासाठी टँकर ओढायला इंजिन पाहिजे, ते मॅक्स आणून देतो आणि शेवटी टँकर स्वतः चालवतो. मग तो शेवटचा पाठलाग, ज्याच्यासारखा पाठलाग त्याआधी कुणी केला नव्हता आणि नंतर जगभर सगळ्यांनी त्याची नक्कल करायचा प्रयत्न केला. टँकर उलटतो. मॅक्स खाली उतरून बघतो तर फुटलेल्या टाकीतनं पेट्रोल नाही, वाळू गळतेय. खरं पेट्रोल डबे भरभरून बाकीच्या गाड्यांतनं केव्हाच निघून गेलंय. टँकर फक्त टोळीला मागं लावायला होता.

आम्ही पोरं एकदम ओरडलो. आप्पा ओरडले नाहीत. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, बिडी विझली होती हातात, आणि ते म्हणाले, "तेला म्हाईत हुतं."

मी म्हटलं, "आप्पा, त्याला कुठं माहिती होतं? बघा की, वाळू हातात घेऊन बघतोय."

"आगं पहिल्या वळणालाच कळतंय. पाणी भरल्यालं आसलं की गाडी मागनं ढकलती. बिरेक मारला की एक हिसका आपला आन मग दुसरा हिसका पाण्याचा. वाळू बसती गप. ड्रायव्हर हाय का न्हाई त्यो? तेला कळलं नसंल व्हय?"

हे ज्यांनी टँकर चालवलाय त्यांनाच समजेल. टाकी काठोकाठ भरलेली असली तर एवढा त्रास नाही, पण कच्च्या रस्त्यानं जाताना झाकणातनं सांडून, वॉलमधनं गळून ती थोडी रिकामी होते आणि मग आतलं पाणी हिंदकळायला लागतं. टाकीत मधे पत्र्याचे पडदे असतात त्यासाठी, तरी पाणी ते पाणीच. वळणावर गाडी वळून होते आणि पाणी अजून सरळच निघालेलं असतं. अर्धा भरलेला टँकर सगळ्यात वाईट, आप्पा नेहमी म्हणायचे. मी त्या केबिनमधे बसून तो दुसरा हिसका पाठीत कितीतरी वेळा खाल्लाय.

मी तेव्हापासनं आजपर्यंत त्या पिक्चरबद्दल जे जे मिळालं ते वाचलं, आणि सगळीकडं असंच लिहिलेलं असतं की मॅक्सला फसवलं गेलं, त्याला शेवटी कळतं, आणि तो स्वतःशी थोडासा हसतो. मला हे पटत नाही. माझ्यासाठी मॅक्सला कुंपणाच्या दारातनं बाहेर पडून पहिलं वळण घेतलं तेव्हाच कळलं होतं आणि तरीही तो चालवत राहिला. हे एकदा मनात धरून पुन्हा बघा तुम्ही. तो अख्खा पाठलाग बदलतो. मग तो फसवलेला माणूस राहत नाही, आपण काय वाहून नेतोय हे पक्कं ठाऊक असूनसुद्धा गाडी न थांबवणारा माणूस होतो. मालिकेत दुसरा नंबर या पिक्चरला मी देते तो एवढ्यासाठीच. दीड तासाच्या आसपासचा पिक्चर, एक धागा जास्तीचा नाही त्यात.

पहिला मॅड मॅक्स, १९७९ चा, मी फार उशिरा पाहिला, सांगलीला राहायला आल्यावर, कॉम्प्युटरवर. आणि खरं सांगायचं तर निराश झाले. वाळवंट नाही, जग बुडालेलंसुद्धा नाही! हिरवं गवत आहे, दवाखाने चालू आहेत, पोलीस आहेत, दुकानात आईस्क्रीम मिळतंय. मॅक्सला बायको आहे, लहान बाळ आहे. मोटारसायकलवाल्यांची एक टोळी रस्त्यावर धुमाकूळ घालते आणि पोलिसांच्या हाताला ती लागत नाही, लागली तरी सुटते. मला वाटलं ही तर साधी बदल्याची गोष्ट, असले पिक्चर आपल्याकडं ढिगानं.

माझं मत बदललं ते २०२४ च्या जानेवारीत, पेट्रोलच्या रांगेत उभी असताना. आठवत असेल तुम्हाला, हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रकवाल्यांनी संप केला होता आणि पेट्रोल संपणार म्हणून सगळ्या महाराष्ट्रात लोकांनी पंपांवर झुंबड केली होती. सांगलीतल्या एका पंपावर मी स्कूटी घेऊन दीड तास उभी होते. पहिला अर्धा तास सगळे हसत होते. मग कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून घ्यायला लागला, त्यावरनं एक म्हणाला गाडीतच घ्यायचं, बाटलीत नाही, दुसरा म्हणाला तू कोण सांगणारा, आणि माझ्यापासनं चार हातांवर एका माणसानं हेल्मेट काढून दुसऱ्याच्या तोंडावर मारलं. रक्त आलं. रांग मात्र हलली नाही, कारण हलली तर नंबर जाणार. बाजूला चहाची गाडी चालू होती, शाळेच्या रिक्षा जात होत्या, समोरच्या मेडिकलमधे माणूस गोळ्या देत होता. म्हणजे सगळं चालू होतं.

त्या पिक्चरच्या मागंसुद्धा पेट्रोलची रांगच आहे. मिलरबरोबर ज्यानं पटकथा लिहिली तो जेम्स मॅककॉसलंड पत्रकार होता आणि १९७३ च्या तेलसंकटात पंपावरची माणसं कशी वागतात ते बघून त्यानं हे जग रचलं. मिलर स्वतः डॉक्टर. सिडनीच्या दवाखान्यात इमर्जन्सीला ड्यूटी करायचा आणि रस्त्यावरचे अपघात रोज टेबलावर यायचे त्याच्या. पैसे नव्हते, साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमधे सगळा पिक्चर उरकला, सुरुवातीच्या पाठलागात जी निळी व्हॅन फुटते ती मिलरची स्वतःची. हे वाचल्यावर मी पुन्हा पाहिला आणि ते आईस्क्रीमच मला घाबरवून गेलं. मॅक्सची बायको आईस्क्रीम घ्यायला जाते आणि तिथंच तिला ती टोळी गाठते. दुकान चालू असतानाच सगळं मोडत असतं. बाकीच्या चार पिक्चरमधे जग मोडून झालंय, आपण बाहेरनं बघतो. पहिल्यात आपण रांगेत आहोत.

तिसऱ्याबद्दल, म्हणजे १९८५ च्या बियॉन्ड थंडरडोमबद्दल, मी जास्त लिहीत नाही. या मालिकेचे चाहते त्याला नावं ठेवतात आणि त्यात तथ्य आहे, अर्धा पिक्चर एका जातीचा आणि अर्धा दुसऱ्याच. मिलरचा जोडीदार, निर्माता बायरन केनेडी १९८३ ला हेलिकॉप्टर अपघातात गेला, पिक्चर त्यालाच अर्पण केलाय, आणि दिग्दर्शनातही मिलरबरोबर जॉर्ज ओगिल्व्ही होता. मला कायम वाटतं की तो हादरा पिक्चरमधे दिसतो. पण दोन गोष्टी मी कुणाला टाकून देऊ देणार नाही. एक म्हणजे त्यातल्या बार्टरटाउन नावाच्या गावाची वीज डुकरांच्या लेंडीच्या गॅसवर चालते, आणि तो गॅस खाली ज्याच्या हातात आहे तो बुटका मास्टर वर राज्य करणाऱ्या आंटी एंटिटीला, म्हणजे टीना टर्नरला, चारचौघांत वाकायला लावतो. कसं? नुसता पुरवठा बंद करून. आमच्या गावाकडं गोबरगॅस होता, काकू सकाळी शेगडीचा कॉक फिरवून बघायची आणि त्या एका कॉकवर घरातल्या सगळ्यांचा मूड ठरायचा, त्यामुळं मला तो सीन लगेच कळला. आणि दुसरी गोष्ट ती पोरं. विमान कोसळल्यावर वाळवंटात एकटी वाढलेली पोरं, मोडक्या भाषेत आपलीच गोष्ट एकमेकांना घोकून घोकून सांगतात, कॅप्टन वॉकर येईल आणि आपल्याला घेऊन जाईल म्हणून. आप्पा तो बघताना म्हणाले होते, "आपल्याकडं म्हैसाळचं पाणी येनार येनार म्हनत्यात, तसंच हाय हे." म्हैसाळ योजना म्हणजे कृष्णेचं पाणी उचलून, एकेक टप्पा वर चढवत मिरज, कवठेमहांकाळ आणि जतकडं न्यायचं. माझ्या लहानपणापासनं ऐकतेय. काही भागात पाणी पोचलं, तिथं आज ऊस-द्राक्षं उभी आहेत, आणि काही गावं इतकी वर्षं वाट बघत राहिली की कर्नाटकात जातो म्हणायची वेळ आली त्यांच्यावर.

मग तीस वर्षांची खाच आणि मग २०१५, फ्युरी रोड.

हा माझा पहिला नंबर. कुणाशीही भांडायला तयार आहे मी यावरनं. थेटरात बघायला गेले तेव्हा सोबत आप्पा होते, त्यांचं पायाचं ऑपरेशन होऊन गाडी सुटली होती आणि घरात बसून ते वैतागले होते. पिक्चर चालू झाला आणि दहा मिनिटांत तो सीन आला. उंच कडा, त्या कड्यावर तिथला हुकूमशहा इमॉर्टन जो, खाली वाळवंटात हजारो माणसं भांडी, पातेली, डबडी घेऊन वर बघत उभी. तो दांडा ओढतो आणि कड्यातनं पाण्याचे लोट खाली कोसळतात. माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, निम्मं पाणी मातीत. आणि लगेच तो बंद करतो. वरनं उपदेश करतो की पाण्याचं व्यसन लावून घेऊ नका.

आप्पा खुर्चीत पुढं सरकले. "उंचावनं सोडतोय बघ," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मी मान वळवून बघितलं पण अंधारात चेहरा दिसला नाही.

थोड्या वेळानं टँकर आला. वॉर रिग. चालवणारी बाई, फ्युरिओसा, एक हात कोपराखाली नाही, डोकं भादरलेलं, कपाळाला ग्रीस. शार्लीझ थेरॉन. ती टँकर घेऊन निघते आणि आत इमॉर्टन जोच्या पाच बायका लपवलेल्या असतात. पुढं मॅक्स, म्हणजे आता टॉम हार्डी, तो टँकर एकट्यानं पळवायला बघतो आणि थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते, कारण फ्युरिओसानं स्विचांचा क्रम लावून ठेवलाय. कुठला आधी, कुठला नंतर, ते फक्त तिलाच ठाऊक. थेटरात मी आप्पांचा हात दाबला. चोरस्विच! तेवीस-चोवीस वर्षं गाडी चालवलेला माझा बाप आणि मी, सांगलीच्या थेटरात, एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या पिक्चरमधे आमचा चोरस्विच बघत होतो. पुढं ती मॅक्सला तो क्रम सांगते. पिक्चरमधे प्रेमाचा एक शब्द नाही दोघांत, पण टँकरवाल्याच्या घरातल्या माणसाला विचारा चोरस्विच दुसऱ्याला सांगणं म्हणजे काय ते.

या पिक्चरची कारागिरी किती सांगावी. शूटिंग ब्रोकन हिललाच करायचं होतं पण तिथं इतका पाऊस झाला की लाल माळावर फुलं फुलली, मग सगळा लवाजमा आफ्रिकेत नामिबियाला नेला. आधी कागदावर साडेतीन हजाराच्या आसपास चित्रं काढून अख्खा पिक्चर त्यात मांडला होता. चारशे ऐंशी तासांचं शूटिंग, ते बसून कापलं मार्गारेट सिक्सेलनं, मिलरची बायको, आणि तिनं त्याआधी एकही ॲक्शन पिक्चर एडिट केला नव्हता. तिला ऑस्कर मिळालं, पिक्चरला मिळून सहा. तुम्ही परत बघाल तेव्हा एक करा, नजर पडद्याच्या मधोमध ठेवून बसा, हलवू नका. महत्त्वाची प्रत्येक गोष्ट मधोमधच येते, म्हणून अडीच हजारांहून जास्त तुकडे सटासट जातात तरी डोळा कुठं हरवत नाही. आपल्याकडचे मारामारीचे सीन बघून डोकं का दुखतं आणि इथं का नाही, त्याचं बरंचसं उत्तर तिथं आहे.

पण माझा जीव अडकतो तो मधल्या एका रात्रीच्या सीनमधे. टँकर चिखलात रुततो. सगळीकडं दलदल, वाळलेली झाडं, कावळे, काठ्यांवर चालणारी माणसं. ते तिथनं कसेबसे निघतात. दुसऱ्या दिवशी फ्युरिओसाला तिच्या जमातीतल्या म्हाताऱ्या बायका भेटतात आणि ती विचारते, आपली हिरवी जागा कुठं आहे? त्या सांगतात, तू रात्री जिथनं आलीस ना, तीच. माती आंबट झाली, पाणी विषारी झालं, काही उगवेना, म्हणून सोडली. ती वाळूत चालत जाते आणि गुडघ्यावर बसून ओरडते.

जतची मी, पाणी नाही म्हणून गाव सोडलेली, त्यामुळं सांगलीला आल्यावर वाटायचं की ही कृष्णाकाठची माणसं केवढी नशीबवान. मग लग्न होऊन वाळवा तालुक्यात गेले आणि सासऱ्यांनी पहिल्यांदा शेत दाखवलं. उसाच्या दोन फडांच्या मधे एक तुकडा, पांढरा, मीठ शिंपडल्यासारखा, त्यावर गवतसुद्धा धड नाही, आणि पाय ठेवला की खाली पचपच. क्षारपड. पाणी कमी पडून झालेली नाही ती जमीन, पाणी पाजून पाजून झालीय. वर्षानुवर्षं पाटानं भरपूर पाणी, निचरा नाही, मग खालचे क्षार वर येतात आणि जमीन जाते. मिरज, पलूस, वाळवा, तिकडं पलीकडं शिरोळ, हजारो एकर अशी पडलीय. सासरे त्या तुकड्याच्या बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "हितं आमच्या वडलांनी एकरी लई मोठा ऊस काढलाय." मी मान हलवली. माझ्या डोळ्यापुढं ते कावळे आणि काठीवरची माणसं. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाण्यावाचून आणि दुसऱ्या टोकाला पाण्यानं, दोन्हीकडं माती पांढरीच. मिलरला हे कुठनं सुचलं मला माहिती नाही, पण हिरवी जागा कुणी लुटून नेली नाही, ती तिथल्या तिथंच आंबट झाली, हे दाखवायला मोठं धाडस लागतं.

फ्युरी रोडच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा, एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, पाच लाख लिटर पाणी, कृष्णेचं, आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पुढं पन्नास वॅगनची गाडी चालू झाली. आप्पा मला म्हणाले चल बघून येऊ. स्टेशनात कोण सोडणार, आम्ही लांब रुळाकडेला थांबलो. गाडी गेली. आप्पा वॅगन मोजत होते तोंडातल्या तोंडात, आणि नंतर म्हणाले, "गच्च भरल्यात. हिंदकळायला जागाच ठेवली न्हाई." ते खूश होते. मीपण होते, लातूरला पाणी गेलं याचं कुणालाही वाईट वाटायचं कारण नाही. फक्त परत येताना मोटारसायकलवर मागं बसून माझ्या मनात आलं की त्याच दिवशी आमच्या जतच्या वाड्यांवर लोक टँकरची वाट बघत बसले होते, त्याच जिल्ह्यात, आणि त्यांच्यासाठी कुठला कॅमेरा आला नव्हता.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ ला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. आई-आप्पांचं शामरावनगरातलं घर बुडालं, ते माझ्याकडं आले, आणि चौथ्या दिवशी आप्पा घरातनं गायब. फोन लागेना. संध्याकाळी कळलं की ते टँकर चालवतायत. पाणीपुरवठ्याची यंत्रणा पुरात गेली होती, शहरात सगळीकडं पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, कुणीतरी ओळखीच्यानं बोलावलं, दुखरा पाय घेऊन हे गेले. आयुष्यभर दुष्काळात चालवलेला टँकर महापुरात चालवला त्यांनी. आल्यावर आईनं विचारलं, कशाला गेलात या वयात? ते काही बोलले नाहीत. जेवले आणि झोपले.

आता फ्युरिओसा. २०२४ चा, फ्युरी रोडच्या आधीची गोष्ट सांगणारा. थेटरात मी एकटीच पाहिला, सात-आठ माणसं होती सगळी मिळून, जगभरात पडला तो पिक्चर, पैसे निघाले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं. लोकांना दुसरा फ्युरी रोड पाहिजे होता आणि हा तो नाहीच. फ्युरी रोड तीनेक दिवसांची गोष्ट, हा पंधरा वर्षांची. तो एका दमात पळतो, हा पाच प्रकरणांत थांबत थांबत एका मुलीचं सगळं हिरावून घेतो. आन्या टेलर-जॉय फ्युरिओसा झालीय आणि तिचं लहानपण अलायला ब्राउननं केलंय, दोघीजणी डोळ्यांवरच निभावतात. काही ठिकाणी कॉम्प्युटरचं काम जाणवतं, ते खुपलं मला, फ्युरी रोडची धूळ दातात यायची ती इथं नेहमी येत नाही. इमॉर्टन जोसुद्धा वेगळा नट आहे, कारण ह्यू कीज-बर्न २०२० मधे गेला. तो पहिल्या पिक्चरमधे टोळीचा म्होरक्या होता आणि छत्तीस वर्षांनी फ्युरी रोडमधे परत आला होता, आणि त्याच्या डोळ्यातली ती थंड नजर दोन्हीकडं तीच होती.

पण क्रिस हेम्सवर्थचा डिमेंटस बघा, मोटारसायकलवाल्या टोळीचा म्होरक्या. तो भाषण करतो, आरडाओरडा करतो, पेट्रोल बनवणारं गॅसटाउन जिंकतो आणि मग त्याला ते चालवता येत नाही. सगळं मोडकळीला आणतो आणि वर आणखी पाणी, आणखी बटाटे मागतो. इमॉर्टन जो राक्षस आहे पण त्याचा पाण्याचा हिशोब चोख आहे. या दोघांच्या मधे सापडलेल्या माणसानं करायचं काय, हा प्रश्न आधीच्या चारांपैकी एकाही पिक्चरनं इतका सरळ विचारला नव्हता.

आणि त्यात पुन्हा टँकर आहे. फ्युरिओसा मुका मुलगा बनून वॉर रिग बांधणाऱ्या कामगारांत राहते आणि मग गाडीच्या खाली लपून निघते. हल्ला होतो. पंधराएक मिनिटांचा तो सीन, तो शूट करायला अठ्ठ्याहत्तर दिवस लागले. त्यात ती खालून, बाजूनं, मागनं सगळा टँकर फिरते. हा सीन आप्पांना दाखवायचाच असं मी थेटरात बसूनच ठरवलं होतं.

दिवाळीत घरी टीव्हीवर लावला. आप्पा आता सदुसष्टचे आहेत, लांबचं दिसतं, जवळचं नाही, त्यामुळं खुर्ची भिंतीला लावून बसले. तो सीन त्यांनी पापणी न लवता बघितला. म्हणाले, "गाडी खालनं शिकली पोरगी. तीच खरी शिकती." शेवटाला येईपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले होते, आई झोपली होती. लहानपणी आईनं दिलेलं पीचचं बी फ्युरिओसानं सगळ्यातनं जपून ठेवलेलं असतं आणि शेवटी त्याचं झाड डिमेंटसच्या जिवंत अंगातनं वाढलेलं दाखवतात. भयंकर आहे ते. मी टीव्ही बंद करणार तर आप्पा म्हणाले, राहू दे, तो जुना लाव, पाणी सोडतात तो. मी फ्युरी रोड लावला आणि थेट शेवटाला नेला. फ्युरिओसा परत आलीय, इमॉर्टन जो मेलाय, तिला वर घेतायत, आणि वर त्या जाड्या बायका, ज्यांचं दूध काढून विकलं जायचं, त्या जाऊन पाण्याचे दांडे ओढतात. पाणी कोसळतं. ते बंद करायला मागं कुणी नसतं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन हजार तीनला आपली तिसरी खेप नसायची."

मला आधी कळलंच नाही.

"वहीत तीन खेपा लागायच्या. सकाळ, दुपार, चार वाजता. दोनच व्हायच्या. तिसऱ्याचं डिझेल, भाडं, समदं लागायचं कागदावर. मालक म्हनायचा सही कर. मी करायचो. गावातनं सही आननं बी माझ्याकडंच. म्हाताऱ्या मानसाचा अंगठा घ्यायचो, कन्नडमधे सांगायचो, टँकर आला म्हून." ते थांबले. "तवा तू दहावीला जानार हुतीस. क्लासची फी भरली बघ जूनमधे."

मी काही बोलू शकले नाही. ती वही मला आठवत होती, निळ्या पुठ्ठ्याची, सीटच्या मागं खोचलेली, आणि मी केबिनमधे कंटाळले की तिच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचे. टँकरचीच. चारच्या सुमाराला आम्ही रस्त्याकडेच्या एका लिंबाच्या झाडाखाली गाडी लावून बसायचो, आप्पा मला भुईमुगाच्या शेंगा घ्यायचे, आणि मी कधीच विचारलं नव्हतं की आपण थांबलोय कशाला. गाडी रिकामी होती. ते पाठीला कळत होतं मला, येताना दुसरा हिसका यायचा नाही.

पडद्यावर अक्षरं वर सरकत होती. आप्पांनी विचारलं, "तो पयला पिक्चर हाय का गं, वाळूचा?" मी म्हटलं आहे. "उद्या लाव," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.